सोप्रानोची गीते आणि पुरुषाचा उंच कंठ

फ्रान्झ शूबर्ट याने १८१७ सालच्या फेब्रुवारीत, विसावे वर्ष नुकतेच पुरे झाले असताना, माटियास क्लाउडिउस या कवीच्या दोन कडव्यांना चाल लावून ‘मृत्यू आणि कुमारिका’ हे गीत सिद्ध केले. पहिल्या कडव्यात भयभीत झालेली एक तरुणी मृत्यूला दूर जाण्याविषयी विनवते आणि दुसऱ्यात मृत्यू तिची मंद, सखोल स्वरांत समजूत घालतो. ही दोन्ही पात्रे एकाच गायकाने, बहुधा गायिकेने, आवाजाचा केवळ रंग पालटून उभी करावयाची, अशी या गीताची वहिवाट आहे. जर्मन गायक आंद्रेआस शोल यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘वाँडरर’ या ध्वनिमुद्रिकेत हे गीत घेतले तेव्हा मात्र कुमारिकेचे कडवे त्यांनी स्त्रीच्या पट्टीतील आपल्या उंच व निर्मळ आवाजात गायिले, आणि मृत्यूचे बोल येताच ते आपल्या नैसर्गिक, भारदस्त पुरुषी आवाजात उतरले. हे ऐकून थक्क होणारे श्रोते आहेत, आणि एकाच आवाजातून दोन माणसे निर्माण करण्यात जे कौशल्य होते ते येथे दोन आवाज वापरून सोपे करून टाकले, ही कला नसून हिकमत आहे, असा शेरा मारणारेही आहेत.

हा मतभेद एका ध्वनिमुद्रिकेपुरता नाही. सोप्रानोसाठी, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच जातीच्या आवाजासाठी, लिहिलेली अथवा दीर्घकाळ तिचीच मानली गेलेली गीते काउंटरटेनरने, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणाऱ्या प्रौढ पुरुषाने, गावीत की न गावीत, हा प्रश्न गेल्या तीसपस्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील संगीतरसिकांत पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. आणि त्यातली मौज अशी की दोन्ही पक्षांची माणसे सारखीच बहुश्रुत, सारखीच हळवी आणि स्वतःच्या कानांवर सारखीच विसंबून राहणारी असल्यामुळे कोणीही कोणाचे ऐकत नाही.

वादाचा विषय झालेला हा गीतप्रकार जर्मनीत ‘लीड’ आणि फ्रान्समध्ये ‘मेलोदी’ या नावाने ओळखला जातो. आपल्या भावगीताशी त्याचे नाते जवळचे आहे: चांगल्या कवीची कविता, तिच्या शब्दाशब्दाकडे लक्ष देऊन बांधलेली चाल आणि एकच गायक. भेद मुख्यतः साथीत आहे. पियानोवरील प्रत्येक स्वर संगीतकाराने स्वतः लिहून ठेवलेला असतो, आणि त्या स्वरांतून कधी चरखा फिरत असतो, कधी घोडा दौडत असतो, कधी गायकाने उच्चारलेल्या शब्दांना छेद देणारा दुसराच भाव व्यक्त होत असतो. शूबर्टने आपल्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात अशी सहाशेहून अधिक गीते रचली. ऑपेरात गायकाच्या मदतीला वेष, रंगभूषा, कथानक आणि भलामोठा वाद्यवृंद असतो, म्हणून तेथे एखादा दाढीवाला राजा स्त्रीच्या पट्टीत गाऊ लागला तरी प्रेक्षक त्याला नाटकातील संकेत म्हणून स्वीकारतो. गीताच्या मैफलीत मात्र गायक साध्या पोशाखात पियानोला टेकून उभा असतो आणि शब्द व कंठ यांखेरीज त्याच्याजवळ कोणतेही भांडवल नसते. ज्या श्रोत्याला हेंडेलच्या ऑपेरातील काउंटरटेनर मनापासून आवडतो त्यालाच तो शूबर्टच्या गीतात का खटकतो, याचा उलगडा पुष्कळसा येथेच होतो.

काउंटरटेनरचा आवाज हा निसर्गाचा चमत्कार नव्हे. आवाज फुटून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला, कोणाची नक्कल करताना किंवा दुरून हाक मारताना, आपल्या नेहमीच्या आवाजाच्या वर एक पातळ, उंच आवाज काढता येतो. त्याला पाश्चात्त्य संगीतात फॉल्सेटो म्हणतात. या वेळी स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात, त्यांचा सगळा जाड भाग न थरथरता केवळ कडा थरथरतात, आणि त्यामुळे निघणाऱ्या ध्वनीत मूळ स्वर प्रबळ व त्याच्या वरचे उपस्वर क्षीण राहतात. बासरीची आठवण करून देणारे जे निर्लेपपण या आवाजात आढळते ते या कारणाने. काउंटरटेनर हा कच्चा आवाज वर्षानुवर्षांच्या तालमीने भरीव, लवचीक व दूरवर पोहोचणारा करतो. बोलताना मात्र तो बहुधा चारचौघांसारखाच, कित्येकदा चांगल्या खर्जातला, पुरुष असतो. स्त्रीच्याच उंचीचा स्वर त्याने लावला तरी तो स्त्रीसारखा ऐकू येत नाही, कारण पुरुषाच्या कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी अधिक लांब असते आणि तिच्यातील गुंजन निराळे होते. कानसेन श्रोता दोनचार स्वरांतच हा भेद ओळखतो, आणि ओळखल्यावर त्याला जे वाटते, आकर्षण अथवा अस्वस्थता, त्याच्यावर पुढचे सारे मत उभे राहते.

येथे एक घोटाळा प्रथमच निस्तरला पाहिजे. बालपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे ते इटालियन कास्त्राती गायक आणि आजचे काउंटरटेनर यांचा शरीररचनेच्या दृष्टीने काहीएक संबंध नाही. त्या क्रूर प्रथेचा शेवटचा ध्वनिमुद्रित प्रतिनिधी म्हणजे रोमच्या सिस्टीन चॅपेलमधील आलेस्सांद्रो मोरेस्की. त्याच्या आवाजाच्या तबकड्या १९०२ व १९०४ साली निघाल्या. त्यांत धार्मिक रचनांबरोबर टोस्टीचे ‘ईदेआले’ हे सर्वस्वी लौकिक प्रेमगीतही आहे, यावरून दिवाणखान्यातील गीत पुरुषाने सोप्रानोच्या उंचीवर गाणे ही अलीकडची टूम आहे असे जे म्हणतात त्यांनी थोडे थांबावे. काउंटरटेनरची परंपरा याहून निराळी, इंग्लंडमधील मोठ्या चर्चच्या गायनवृंदांतून टिकून राहिलेली. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या आल्फ्रेड डेलर (१९१२–१९७९) यांना संगीतकार मायकेल टिपेट याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेरले आणि मैफलीच्या व्यासपीठावर आणले. पुढे १९६० साली बेंजामिन ब्रिटनने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या ऑपेरातील ऑबेरॉन या यक्षराजाची भूमिका डेलर यांच्याकरिताच लिहिली. तथापि डेलर यांचे राज्य पर्सेलची व ल्यूटच्या साथीची जुनी इंग्रजी गीते आणि लोकगीते एवढेच होते. शूबर्ट, शूमान, बर्लिओझ यांच्या हद्दीत पाऊल टाकले ते पुढच्या पिढ्यांनी: पूर्व बर्लिनच्या रंगभूमीवर नाव कमावलेल्या योखेन कोवाल्स्की यांनी शूमानची ‘दिख्टरलीबे’ ही संपूर्ण गीतमाला ध्वनिमुद्रित केली, अमेरिकन ब्रायन असावा यांनी राखमानिनोवचे शब्दविरहित ‘व्होकलीज’ गायिले, आणि फ्रान्सच्या फिलिप जारुस्की यांनी २००९ साली ‘ओपियम’ या ध्वनिमुद्रिकेत पियानोवादक जेरोम द्युक्रो यांच्या साथीने फ्रेंच गीतांचा एक संपूर्ण गुच्छच पुढे ठेवला.

आक्षेपकांची पहिली फिर्याद आवाजाच्या रंगाविषयी आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. लीडमध्ये एकाच कडव्यात चार भाव बदलतात. गायिकेला तळाच्या स्वरांत ऊब, मध्यात बोलण्याची सहजता आणि वर धार हवी असते. काउंटरटेनरचा आवाज वरच्या बाजूस तेजस्वी असला तरी खाली उतरताना क्षीण होत जातो आणि शेवटी त्याला एक तर पुटपुटावे लागते किंवा छातीच्या आवाजात उडी मारावी लागते. ती उडी लपविण्यात भले भले थकतात. ऊब हवी तेथे निर्मळपणाच मिळत राहिला की पाचसहा गीतांनंतर श्रोत्याला गोडव्याचा वीट येतो, ही तक्रार खोटी नाही. शब्दांविषयीच्या तक्रारीत मात्र तितका अर्थ नाही, कारण फार उंच स्वरांवर भिन्न भिन्न स्वरवर्ण एकमेकांत मिसळून जाणे ही प्रत्येक कंठाची मर्यादा आहे आणि तिच्यातून सोप्रानोचीही सुटका नसते.

दुसरी फिर्याद पट्टीची. आपल्याकडे गवयाने आपला षड्ज जेथे सुखाचा वाटेल तेथे धरावा, तंबोरे तसे जुळवून घ्यावेत आणि तीच बंदिश स्त्रीने काळी पाचात व पुरुषाने काळी एकात म्हणावी, यात कोणाला काही वावगे दिसत नाही. युरोपीय संगीतकार मात्र स्वरांची उंची निश्चित करून लिहितो, म्हणून पट्टी बदलणे हा तेथे एक प्रकारचा हस्तक्षेप ठरतो. बहुतेक काउंटरटेनरांची खरी वस्ती सोप्रानोच्या नव्हे, तर तिच्याहून खालच्या मेत्सो-सोप्रानो अथवा काँट्राल्टो यांच्या टापूत असते. ब्राझीलचे ब्रुनो द सा यांच्यासारखे खरोखर सोप्रानोच्या उंचीवर सहज गाणारे पुरुष विरळा. परिणामी गीत दोनतीन स्वरांनी खाली ओढावे लागते, आणि त्याबरोबर पियानोची साथही खाली येऊन तिचे मंद्र स्वर गढूळ होतात. हे खरे असले तरी एवढ्यावरून काउंटरटेनरला दोषी ठरविता येणार नाही, कारण शूबर्ट-शूमानच्या गीतांची पुस्तके एकोणिसाव्या शतकापासूनच उंच, मध्यम व खालच्या अशा तिन्ही आवाजांसाठी निरनिराळ्या पट्ट्यांत छापली व विकली जात आली आहेत, आणि खालच्या पट्टीतून गाणाऱ्या भारदस्त बॅरिटोनला, म्हणजे मध्यम उंचीच्या पुरुषी आवाजाच्या गायकाला, कोणी कधी जाब विचारलेला नाही. वाद्यवृंदासह लिहिलेल्या गीतांची गोष्ट वेगळी. रिखार्ड श्ट्राउसने १९४८ साली रचलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९५० च्या मे महिन्यात लंडनला कर्स्टन फ्लाग्स्टाड यांनी प्रथम गायिलेली ‘चार अखेरची गीते’ घ्या: तेथे शेकडो स्वर परस्परांत विणलेले आहेत, पट्टी हलविण्याची मुभा नाही, आणि त्या वाद्यसंभारावरून सोप्रानोचा भरदार आवाज ज्या विस्ताराने तरंगत जातो तो विस्तार फॉल्सेटोला क्वचितच साधेल. ही गीते सोप्रानोचीच राहावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप लिंगभेदाचा: स्त्रीचे मनोगत स्त्रीनेच सांगावे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी जुनी दफ्तरे चाळलेली नसतात. शूमानने ‘दिख्टरलीबे’ ही एका निराश पुरुष-प्रेमिकाची कैफियत अर्पण केली ती विल्हेल्मिना श्र्योडर-देव्हरिएंट या सोप्रानोला. शूबर्टचे ‘कड्यावरचा मेंढपाळ’ हे मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, १८२८ च्या ऑक्टोबरात, लिहिलेले गीत एका पुरुष मेंढपाळाच्या तोंडचे आहे, परंतु ते लिहिले आना मिल्डर-हाउप्टमान या गायिकेकरिता. श्ट्राउसने १८९४ साली आपली सोप्रानो पत्नी पाउलीना हिला विवाहाची भेट म्हणून जी चार गीते दिली त्यांपैकी ‘सेसिलिए’ ही कविता हाइनरिख हार्ट या कवीने स्वतःच्या पत्नीला उद्देशून लिहिलेली. म्हणजे एका पतीने आपल्या पत्नीला उद्देशून लिहिलेले शब्द दुसऱ्या पतीने आपल्या पत्नीच्या तोंडी घातले आणि ती ते भर सभेत गाऊ लागली! शूबर्टचा ‘विंटरराइझे’ हा विफल प्रियकराचा हिवाळी प्रवास एलेना गेरहार्ट, लोटे लेहमान, क्रिस्टा लुडविग, ब्रिगिट्टे फासबेंडर अशा थोर गायिकांनी गायिला आणि रसिकांनी त्याला गांभीर्याने दाद दिली. उलट दिशेचे दाखलेही आहेत: बॅरिटोन युलियुस श्टोकहाउझेन यांनी शूमानची ‘स्त्रीचे प्रेम व जीवन’ ही गीतमाला एकोणिसाव्या शतकातच जाहीरपणे गायिली, आणि आमच्या काळात रॉडरिक विल्यम्स यांनी ती गायिली आहे. स्त्रीने पुरुषाचे गीत गाणे ही कलात्मक झेप आणि पुरुषाने स्त्रीचे गीत तिच्याच उंचीवर गाणे हे मात्र थेर, असा दुहेरी न्याय केवळ सवयीमुळे टिकून राहिला आहे.

मराठी वाचकाला तर या आक्षेपाचे नवल वाटावे. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी व सिंधू ज्यांनी पाहिली त्यांना पुरुषाच्या कंठातून स्त्रीहृदय ऐकण्यासाठी आवाज उंच करण्याचीसुद्धा गरज भासली नाही. ज्ञानदेव-एकनाथांच्या विरहिणी व गौळणी तर आजही टाळमृदंगाच्या गजरात पुरुषच म्हणतात. अर्थात आपल्या संकेतांवरून दुसऱ्यांच्या संकेतांचा निवाडा करणे योग्य नव्हे, आणि बालगंधर्वांच्या पाठीशी रंगभूमी होती, जी शोल किंवा जारुस्की यांच्या पाठीशी गीताच्या मैफलीत नसते.

आक्षेपकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. गटेच्या ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ या संग्रहातील ‘झुलायका’च्या कवितांपैकी ज्या दोन शूबर्टने स्वरबद्ध केल्या त्या वास्तविक मारियाने फोन विलेमर या स्त्रीने लिहिलेल्या होत्या, आणि ही गोष्ट गटे व मारियाने या दोघांच्या मृत्यूनंतर उघडकीस आली. येथे बोलणारी स्त्री पुरुषाने कल्पिलेली नाही. तिचे शब्द तिचेच आहेत, आणि ते तिच्याच जातीच्या कंठातून यावेत अशी कोणी इच्छा धरली तर तिच्यात रूढीहून काही अधिक आहे. याच्या उलट ‘स्त्रीचे प्रेम व जीवन’ घ्यावे. आडेलबेर्ट फोन शामिसो या पुरुषाने कविता लिहिल्या, शूमान या पुरुषाने १८४० साली, आपल्या विवाहाच्या वर्षी, त्यांना चाल लावली, आणि पतीच्या पायाशी सर्वस्व वाहणारी जी नायिका त्यांतून निर्माण झाली ती पुरुषाला हवीहवीशी वाटणारी स्त्री आहे, असे आजच्या कित्येक स्त्रिया परखडपणे सांगतात. ही माला पुरुषाने गायिली तर निदान कोणाचे स्वप्न कोण सांगत आहे एवढे तरी स्पष्ट होईल. काउंटरटेनरच्या ना स्त्रीच्या ना पुरुषाच्या भासणाऱ्या आवाजात तर ती कल्पित नायिका कल्पितच वाटेल, आणि हा लाभ की तोटा याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

माझ्या मते खरा निकष गीतातील वक्ता कोण, हा आहे. बर्लिओझने तेओफिल गोतिएच्या सहा कविता स्वरबद्ध करून ‘ग्रीष्मातील रात्री’ ही माला १८४१ साली मेत्सो-सोप्रानो अथवा टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच जातीचा आवाज, यांच्याकरिता पियानोसह लिहिली, आणि पुढे वाद्यवृंदासह प्रसिद्ध करताना निरनिराळी गीते निरनिराळ्या जातींच्या आवाजांना वाटून दिली. म्हणजे संगीतकाराने स्वतःच दार उघडे ठेवले होते. तिच्यातील एका गीतात नृत्याच्या रात्री तरुणीने छातीवर खोवलेल्या गुलाबाचे भूत बोलते. भुताला कसले आले लिंग! अमेरिकन काउंटरटेनर डेव्हिड डॅनियल्स यांनी ही माला वाद्यवृंदासह गायिली, तेव्हा फॉल्सेटोचा देहापासून सुटल्यासारखा भासणारा नाद या गीताला विलक्षण अनुरूप ठरला. रेनाल्डो हानचे ‘आ क्लोरिस’ हेही असेच. सतराव्या शतकातील तेओफिल द व्हियो या कवीचे शब्द, प्रेयसीला उद्देशून पुरुष बोलतो आहे, आणि पियानो बाखच्या चालीची मुद्दाम आठवण करून देत संथ पावले टाकतो. जुन्या काळाचा देखणा आभास निर्माण करणाऱ्या या रचनेत जुन्या संगीतावर वाढलेला जारुस्की यांचा आवाज इतका सहज बसतो की सोप्रानोने गायिलेले तेच गीत त्यानंतर किंचित जड वाटू लागते.

परंतु १८१४ सालच्या ऑक्टोबरात सतरा वर्षांच्या शूबर्टने लिहिलेल्या ‘चरख्यावरील ग्रेटशेन’ या गीताची वार्ता अगदी वेगळी. प्रियकर फाउस्टच्या आठवणीने बेचैन झालेली मुलगी सूत काततात तसे बोलत जाते, त्याच्या चुंबनाची आठवण होताच चरखा थांबतो, पुन्हा अडखळत सुरू होतो, आणि शेवटी सारे शरीर स्वरात ओतल्यासारखा आवाज वर वर चढत जातो. येथे देह हवा, श्वासाची ओढ हवी, खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांत जाताना कोठेही सांधा जाणवू न देणारा भरीव आवाज हवा. काउंटरटेनर कितीही निपुण असला तरी येथे तो गीताचे चित्र काढतो, गीत होत नाही. उद्या एखादा गायक मला खोटा पाडील तर आनंदच आहे.

ज्या वाचकांस हा वाद स्वतः चाखून पाहावयाचा असेल त्यांनी ‘आ क्लोरिस’ प्रथम जारुस्की यांचे आणि मग सुझन ग्रॅहम यांचे ऐकावे, ‘मृत्यू आणि कुमारिका’ शोल यांचे ऐकावे, आणि मत बनविण्याची घाई न करता दोनतीन दिवसांनी पुन्हा ऐकावे. ‘ग्रेटशेन’साठी मात्र मी तूर्त डच सोप्रानो एली आमेलिंग यांचीच शिफारस करतो.